विशेषणानंतर कोणतं प्रिपोझिशन? ‘अँग्री ऑन मी’ म्हणणाऱ्या मराठी माणसासाठी

“साहेब माझ्यावर रागावलेत” हे इंग्रजीत सांगताना ‘वर’चा ‘ऑन’ होतो आणि “सर इज अँग्री ऑन मी” असं तोंडून जातं. “तिचं लग्न एका डॉक्टरशी झालंय” यातल्या ‘शी’चा ‘विथ’ होतो आणि “शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर” तयार होतं. ‘गणितात हुशार’मधला ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘माझ्यापेक्षा सीनियर’मधला ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’. चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे. आपण विशेषणाबरोबर त्याच्या आधीच्या विभक्तीचंही भाषांतर करून टाकतो.

विशेषणाचं भाषांतर होतं, विभक्तीचं होत नाही. ‘अँग्री’नंतर कोणतं प्रिपोझिशन, म्हणजे ‘ऑन’, ‘विथ’सारखं छोटं अव्यय, यायचं हे ‘अँग्री’ ठरवतो, ‘रागावणे’ नव्हे. मराठीतही हाच कारभार आहे. आपण माणसावर रागावतो, माणसाशी भांडतो, माणसाला कंटाळतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने यामागचं कारण विचारलं, तर “असंच म्हणतात” यापलीकडे आपल्याकडे उत्तर नसतं.

पण म्हणून दीडशे जोड्यांची यादी घोकायला घेऊ नका. ती आठवडाभर टिकते. वाक्य बनवताना काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायची सवय लावली, तर घोकण्यासारखं फार थोडं उरतं. तो क्रम पुढे दिला आहे. सुरुवातीलाच एक खुलासा: या लेखात ‘ऑफ’ म्हणजे एका एफचा, ‘चा-ची-चे’वाला ऑफ. पंखा बंद करतो तो दोन एफचा ऑफ इथे कुठेही नाही.

आधी बघा, प्रिपोझिशन लागतंय का

ही पायरी बहुतेक जण गाळतात. काही विशेषणांच्या पुढे थेट नाम येतं, मध्ये काहीच लागत नाही. ‘वर्थ’ हे त्यातलं सगळ्यात फसवं. “धिस बुक इज वर्थ रीडिंग” इतकंच. “वर्थ ऑफ रीडिंग” नाही आणि “वर्थ टू रीड”ही नाही. ‘ऑफ’ लागतो तो ‘वर्दी’ला: “वर्दी ऑफ प्रेझ”. बाजारातून “हंड्रेड रुपीज वर्थ ऑफ व्हेजिटेबल्स” आणता तेव्हा मात्र ‘ऑफ’ बरोबर आहे, कारण तिथे ‘वर्थ’ विशेषण नसून नाम आहे, शंभर रुपयांची भाजी या अर्थाने.

‘लाइक’चंही तसंच. “ही इज लाइक हिज फादर”, मध्ये ‘टू’ नको. तोच अर्थ ‘सिमिलर’ने सांगायचा झाला तर ‘टू’ हवाच: “हिज व्हॉइस इज सिमिलर टू हिज फादर्स.” ठिकाण सांगताना ‘निअर’ एकटा पुरतो, “निअर द स्टेशन”, पण ‘क्लोज’ला ‘टू’ लागतो, “क्लोज टू द स्टेशन”. ‘बिझी’ची गंमत अशी की पुढे नाम असेल तर ‘विथ’ लागतो आणि क्रियापद असेल तर काहीच लागत नाही: “बिझी विथ द ऑडिट”, पण “बिझी प्रिपेअरिंग द ऑडिट रिपोर्ट”. आपल्याकडच्या पत्रांत दिसणारा “बिझी इन प्रिपेअरिंग” मधला ‘इन’ काढून टाकला तरी वाक्याचं काही अडत नाही, उलट ते सुटसुटीत होतं.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट तपासायची. विशेषणानंतर ‘दॅट’ने सुरू होणारं अख्खं वाक्य येत असेल तर प्रिपोझिशन गळतं. “आय ॲम अवेअर ऑफ द प्रॉब्लेम” बरोबर, पण “आय ॲम अवेअर दॅट देअर इज अ प्रॉब्लेम” यात ‘ऑफ’ नाही. “प्राउड ऑफ माय टीम”, पण “प्राउड दॅट माय टीम वन”. नुसतं “आय ॲम अवेअर ऑफ दॅट” म्हटलं तर चालतं, कारण तिथे ‘दॅट’ म्हणजे ‘ते’, सर्वनाम. सरकारी पत्रांत “अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट” असतं. चूक नाही, पण तीन शब्द फुकट.

मग बघा, पुढे कोण आहे: माणूस की गोष्ट

एकाच विशेषणाला दोन-तीन प्रिपोझिशनं चालतात तेव्हा बहुतेक वेळा फरक या प्रश्नाच्या उत्तरात असतो. ‘अँग्री’ घ्या. माणसावर राग असेल तर ‘विथ’, गोष्टीचा राग असेल तर ‘अबाउट’: “शी इज अँग्री विथ मी अबाउट द डिले.” अमेरिकेत माणसासाठी ‘ॲट’ सर्रास वापरतात आणि तेही बरोबर आहे. ‘ऑन’ मात्र कुठेच नाही.

‘ग्रेटफुल’मध्ये माणसाला ‘टू’ आणि उपकाराला ‘फॉर’: “आय ॲम ग्रेटफुल टू यू फॉर युअर हेल्प.” दोन्ही एका वाक्यात बसतात, म्हणून हे वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवायला बरं. ‘रिस्पॉन्सिबल’चं तेच. ज्याला जाब द्यायचा तो ‘टू’, ज्याची जबाबदारी ते ‘फॉर’. शाळेत पर्यवेक्षक “रिस्पॉन्सिबल टू द प्रिन्सिपल” असतात आणि परीक्षेच्या वेळापत्रकासाठी “रिस्पॉन्सिबल फॉर द टाइमटेबल”. ‘यूसफुल’ही याच वळणाचं: माणसाला ‘टू’, कामाला ‘फॉर’.

‘सॉरी’मध्ये प्रिपोझिशन बदललं की भावनाच बदलते. “आय ॲम सॉरी अबाउट द डिले” ही दिलगिरी आहे, आणि “आय ॲम सॉरी फॉर हिम” म्हणजे मला त्याची कीव येते. सहकाऱ्याच्या घरी काही वाईट घडलं असताना “सॉरी फॉर यू” म्हणून गेलात तर सांत्वनाऐवजी दया केल्यासारखं ऐकू जातं. तिथे “सॉरी अबाउट युअर लॉस” किंवा “सॉरी फॉर युअर लॉस”. म्हणजे ‘फॉर’ चालतो, पण पुढे माणूस नको, घटना हवी.

‘फमिलिअर’ तर आरसाच आहे. ओळखणारा माणूस कर्ता असेल तर ‘विथ’, ओळखीची गोष्ट कर्ता असेल तर ‘टू’. “आय ॲम फमिलिअर विथ धिस एरिया” म्हणजे हा भाग मला माहीत आहे. “धिस एरिया इज फमिलिअर टू मी” म्हणजेही तेच. पण “आय ॲम फमिलिअर टू धिस एरिया” म्हटलं की अर्थ होतो, हा भाग मला ओळखतो.

आणि ‘गुड’. या एका शब्दाला चार प्रिपोझिशनं लागतात आणि चारही रोजच्या वापरातली आहेत. कौशल्य असेल तर ‘ॲट’: “गुड ॲट कॅरम”. फायदा असेल तर ‘फॉर’: “वॉकिंग इज गुड फॉर यू.” वागणूक असेल तर ‘टू’: “माय इन-लॉज आर गुड टू मी.” हाताळणी जमत असेल तर ‘विथ’: “गुड विथ चिल्ड्रन”, “गुड विथ हर हँड्स”. मग ‘गुड इन’ कधीच नाही का? आहे, पण कौशल्यासाठी नव्हे. “ही वॉज गुड इन दॅट फिल्म” म्हणजे त्या सिनेमात त्याचं काम चांगलं झालं. भारतात “गुड इन मॅथ्स” इतकं रुळलंय की समोरचा भारतीय असेल तर कुणाच्या कानाला खटकतही नाही. बाहेरच्या माणसाला खटकू शकतं आणि परीक्षकाला तर हमखास. ‘वीक’ला मात्र ‘इन’ आणि ‘ॲट’ दोन्ही चालतात, त्यामुळे “वीक इन मॅथ्स” म्हणणाऱ्याला कुणी टोकू नये.

‘चा-ची-चं’ची चाचणी

आता आधी सांगितलं त्याच्या उलट वाटेल असं एक सांगतो. विभक्ती इंग्रजीत नेऊ नका हे खरंच, पण एका विभक्तीचा उपयोग होतो, तो षष्ठीचा. मराठी वाक्य आहे तसं न घेता त्यातल्या भावनेचं नाम करा. ‘कुत्र्याला घाबरतो’ऐवजी ‘कुत्र्याची भीती’. ‘बहिणीवर जळते’ऐवजी ‘बहिणीचा हेवा’. ‘कामाला कंटाळलो’ऐवजी ‘कामाचा कंटाळा’. ‘केल्याबद्दल लाज वाटते’ऐवजी ‘केल्याची लाज’. असं नाम केल्यावर आधी ‘चा-ची-चं’ आलं, तर इंग्रजी विशेषणानंतर ‘ऑफ’ येण्याची शक्यता मोठी.

करून बघा. भीतीचं ‘अफ्रेड ऑफ’, हेव्याचं ‘जेलस ऑफ’, कंटाळ्याचं ‘टायर्ड ऑफ’, लाजेचं ‘अशेम्ड ऑफ’. अभिमानाचं ‘प्राउड ऑफ’, जाणिवेचं ‘अवेअर ऑफ’, खात्रीचं ‘शुअर ऑफ’, संशयाचं ‘सस्पिशस ऑफ’, आवडीचं ‘फाँड ऑफ’. क्षमताही यातच: ‘केपेबल ऑफ’.

हे जमतं त्यामागे कारण आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० सालापर्यंतच्या इंग्रजीत, नामांना आपल्यासारखेच विभक्तिप्रत्यय लागायचे आणि विशेषणं आपापली विभक्ती मागायची. ‘फुल’ या शब्दापुढे तेव्हा नाम षष्ठीत यायचं. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजले, षष्ठीचं काम ‘ऑफ’कडे गेलं आणि ‘फुल ऑफ वॉटर’ झालं. म्हणूनच ‘पाण्याने भरलेला’ मनात धरून “फुल विथ वॉटर” म्हटलं की चुकतं. ‘विथ’ हवाच असेल तर शब्द बदला: ‘फिल्ड विथ वॉटर’. ‘लाइक’ आणि ‘निअर’ यांच्यापुढे त्या काळी चतुर्थी असायची. प्रत्यय गेला, पण तिच्या जागी प्रिपोझिशन सक्तीचं झालं नाही. ते दोघे असे मोकळे फिरतात, ते या इतिहासामुळे.

चाचणी जिथे फसते ते शब्दही लक्षात ठेवा, फार नाहीत. ‘सवय’ला ‘यूझ्ड टू’, ‘ॲलर्जी’ला ‘ॲलर्जिक टू’, ‘काळजी’ला ‘वरीड अबाउट’, ‘राग’ला ‘अँग्री विथ’, ‘कीव’ला ‘सॉरी फॉर’. “आय ॲम ॲलर्जिक ऑफ डस्ट” हे डॉक्टरच्या खोलीत नेहमी कानावर पडतं. चुकीचं असलं तरी औषध बरोबर मिळतं म्हणून कुणी सुधारत नाही.

‘टायर्ड’बद्दल एक पुरवणी. ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलेला, ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे दमलेला. “आय ॲम टायर्ड ऑफ द ट्रेन” हे रोजच्या लोकलला विटलेल्या माणसाचं वाक्य, “टायर्ड फ्रॉम द जर्नी” हे नुकत्याच उतरलेल्या प्रवाशाचं.

‘टू’चं घराणं

‘ऑफ’ खालोखाल मोठा गट ‘टू’चा, आणि मराठी माणसाच्या बहुतेक चुका इथे होतात, कारण याच्या समोर मराठीत ‘शी’ असतो आणि ‘शी’ म्हटलं की हात ‘विथ’कडे जातो. कुणाशी कसं वागता ते ‘टू’ने सांगायचं: काइंड टू, रूड टू, पोलाइट टू, क्रुएल टू. कुणाशी काय नातं ते ‘टू’ने: मॅरिड टू, एंगेज्ड टू, रिलेटेड टू. कशाशी कसं जुळतं तेही ‘टू’ने: सिमिलर टू, इक्वल टू. निष्ठाही ‘टू’नेच: लॉयल टू, फेथफुल टू. ‘मॅरिड विथ’चा दोष फक्त आपल्याकडे नाही. पोर्तुगीजमध्येही लग्न ‘कोम’ने, म्हणजे ‘सह’ने होतं, त्यामुळे पोर्तुगीज बोलणारेही इंग्रजीत याच खड्ड्यात पडतात. “मॅरिड विथ टू चिल्ड्रन” असं वाक्य दिसलं तर मात्र गोंधळू नका. त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.

‘काइंड’च्या बाबतीत एक बारकावा. “शी वॉज काइंड टू मी” म्हणजे ती माझ्याशी प्रेमाने वागली. “इट वॉज काइंड ऑफ यू टू कम” म्हणजे तुम्ही आलात हा तुमचा चांगुलपणा. वागणूक ज्याच्या वाट्याला आली तो ‘टू’, चांगुलपणा ज्याचा तो ‘ऑफ’. पुन्हा षष्ठीच.

‘टू’च्याच घराण्यात लॅटिनमधून आलेली पाच मंडळी आहेत: सीनियर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर, प्रायर. लॅटिनमध्ये ही मुळातच तुलनेची रूपं आहेत; ‘सीनियर’मध्येच ‘जास्त वयाचा’ आलेलं आहे. इंग्रजीत ती आली ती ‘टू’ घेऊन, म्हणून यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही आणि मागे ‘मोर’ही लागत नाही. “शी इज सीनियर टू मी बाय थ्री इयर्स.” ‘प्रेफरेबल’ त्यांच्या कुळातलं नाही, पण नियम तोच पाळतं: “टी इज प्रेफरेबल टू कॉफी.”

उरलेले गट

‘इन’ची विशेषणं गुंतण्याची आणि समृद्धीची: इंटरेस्टेड इन, इन्व्हॉल्व्ड इन, फ्लुएंट इन, रिच इन, लॅकिंग इन. इथे मराठी ‘त’ सहसा दगा देत नाही. शरीरातला दोषही ‘इन’नेच सांगतात: “ब्लाइंड इन वन आय”. “ब्लाइंड टू हिज सन्स फॉल्ट्स” म्हणजे मुलाचे दोष न बघणारा. तिथे डोळे शाबूत असतात.

‘अबाउट’ मराठी ‘बद्दल’शी चांगलं जुळतं: नर्व्हस, एक्सायटेड, क्युरिअस, सीरियस, वरीड. दोनच ठिकाणी जपा. ‘कशाबद्दल प्रसिद्ध’ला ‘फेमस फॉर’ आणि ‘मदतीबद्दल ऋणी’ला ‘ग्रेटफुल फॉर’. “नाशिक इज फेमस फॉर ग्रेप्स.”

समाधान, असमाधान आणि गर्दी ‘विथ’कडे: प्लीझ्ड, सॅटिस्फाइड, बोअर्ड, क्राउडेड, पॅक्ड. “साहेब माझ्यावर खूष आहेत” म्हणजे “प्लीझ्ड विथ मी”. खुशीलाही ‘ऑन’ नाही. ‘हॅपी फॉर’ वेगळा: “आय ॲम हॅपी फॉर यू” म्हणजे तुझं चांगलं झालं याचा मला आनंद आहे.

‘पासून’ म्हणजे ‘फ्रॉम’ हे जवळपास नेहमी चालतं: सेफ फ्रॉम, फ्री फ्रॉम, फार फ्रॉम, ॲबसेंट फ्रॉम. ‘डिफरंट’ याच गटात ठेवा. ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ बोलतात, त्यामुळे ऐकलंत तर दचकू नका, पण लिहिताना ‘फ्रॉम’ दोन्हीकडे चालतो. ‘फॉर’कडे पात्रता आणि वेळ: एलिजिबल, सूटेबल, रेडी, “लेट फॉर स्कूल”. ‘ऑन’कडे मोजकेच: डिपेंडंट ऑन, कीन ऑन. आणि ‘डिपेंडंट’चा विरुद्धार्थी ‘इंडिपेंडंट’ मात्र ‘ऑफ’ घेतो, का ते विचारू नका.

पुढे क्रियापद आलं तर

प्रिपोझिशननंतर क्रियापदाला आयएनजी. याला अपवाद नाही म्हटलं तरी चालेल. ‘गुड ॲट कुकिंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. अडचण येते ती ‘टू’ने, कारण इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. एक प्रिपोझिशन, दुसरा क्रियापदाच्या आधी लागणारा, ‘टू गो’, ‘टू ईट’मधला. कुठला कोणता हे ओळखायची युक्ती सोपी आहे: ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून बघा. “आय ॲम यूझ्ड टू क्राउड्स” हे चांगलं इंग्रजी आहे, म्हणजे हा ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणजे क्रियापद आलं तर “यूझ्ड टू स्टँडिंग इन क्राउड्स”. “रेडी टू क्राउड्स” बसत नाही, म्हणून “रेडी टू स्टँड”. ॲडिक्टेड टू, अकस्टम्ड टू, कमिटेड टू, अपोझ्ड टू हे सगळे ‘यूझ्ड टू’च्या बाजूला. आणि “आय यूझ्ड टू स्मोक”, म्हणजे मी पूर्वी ओढायचो, यात मुळात विशेषणच नाही. मध्ये ‘ॲम’ आहे की नाही एवढं बघितलं की दोन्ही वेगळे पडतात.

काही विशेषणं दोन्ही रचना घेतात आणि अर्थ बदलतात. ‘अफ्रेड टू’ म्हणजे भीतीमुळे एखादी गोष्ट करायला धजत नाही: “शी इज अफ्रेड टू क्रॉस द रोड.” ‘अफ्रेड ऑफ’ म्हणजे न ठरवता घडेल अशा गोष्टीची भीती: “शी इज अफ्रेड ऑफ फॉलिंग.” पडायचं कुणी ठरवत नाही, म्हणून तिथे “अफ्रेड टू फॉल” होत नाही. ‘शुअर’मध्ये तर खात्री कुणाला आहे तेच बदलतं. “ही इज शुअर ऑफ विनिंग” म्हणजे त्याला जिंकायची खात्री आहे. “ही इज शुअर टू विन” म्हणजे तो जिंकणार ही खात्री बोलणाऱ्याची, त्याला स्वतःला धाकधूक का वाटेना.

‘इंटरेस्टेड टू’ चूकच असं शिकवतात, ते पूर्ण खरं नाही. नो, हिअर, सी अशा क्रियापदांबरोबर तो चालतो: “आय वुड बी इंटरेस्टेड टू नो युअर ओपिनियन.” शिकायचं, करायचं, विकत घ्यायचं असेल तर ‘इन’ आणि आयएनजी.

प्रश्नात प्रिपोझिशन शेवटी जातं, गायब होत नाही

मराठीत विभक्ती प्रश्नार्थक शब्दालाच चिकटते: कशाची, कुणाशी, कशात. त्यामुळे इंग्रजी प्रश्न विचारताना “व्हॉट आर यू अफ्रेड?” इथेच आपण थांबतो. बरोबर वाक्य “व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?” तसंच “हू इज शी मॅरिड टू?”, “व्हिच सब्जेक्ट आर यू गुड ॲट?” नामाचं वर्णन करणाऱ्या पोटवाक्यातही तेच: “द पोस्ट आय ॲम इंटरेस्टेड इन”, “द नॉइज वी आर यूझ्ड टू”. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको असं जुने शिक्षक बजावायचे. “ऑफ व्हॉट आर यू अफ्रेड?” हे व्याकरणात बसतं, पण चहाच्या टपरीवर असं विचारलंत तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील.

एक परिच्छेद दुरुस्त करून बघू

नोकरीच्या अर्जात दिसतात तशी ही वाक्यं मी मुद्दाम रचली आहेत:

“आय ॲम इंटरेस्टेड फॉर द पोस्ट ऑफ अकाउंटंट. आय ॲम गुड इन एक्सेल, फमिलिअर टू टॅली अँड हॅबिच्युअल ऑफ वर्किंग लेट. इन माय प्रेझेंट जॉब आय ॲम रिस्पॉन्सिबल ऑफ बिलिंग अँड सीनियर दॅन टू क्लार्क्स. आय ॲम कॉन्फिडंट दॅट आय ॲम सूटेबल टू धिस पोस्ट.”

पहिलं वाक्य. ‘पदासाठी इच्छुक’मधला ‘साठी’ तसाच आला आहे. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’. ‘पोस्ट ऑफ अकाउंटंट’मधला ‘ऑफ’ दोन नामांमधला आहे, त्याला हात लावायचा नाही. ‘एक्सेल’ हे कौशल्य, म्हणून ‘गुड ॲट’. ‘फमिलिअर टू टॅली’मध्ये कर्ता माणूस आहे, म्हणून ‘विथ’. आहे तसं ठेवलं तर टॅली अर्जदाराला ओळखते असं होईल. ‘हॅबिच्युअल ऑफ’मध्ये नुसतं प्रिपोझिशन बदलून भागत नाही, विशेषणच चुकलंय. ‘हॅबिच्युअल’ सवयीच्या कृतीला किंवा ती करणाऱ्याला नामाआधी लागतं, ‘हॅबिच्युअल लेटकमर’ असं. अर्जदाराला म्हणायचंय ‘यूझ्ड टू वर्किंग लेट’. युक्ती लावा: ‘यूझ्ड टू लेट अवर्स’ बसतं, म्हणून आयएनजी बरोबर.

बिलिंग हे काम आहे, माणूस नाही, म्हणून ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. ‘सीनियर’ लॅटिन घराण्यातला, म्हणून “सीनियर टू टू क्लार्क्स”. दोन ‘टू’ शेजारी आले की आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं, पण पहिला प्रिपोझिशन आणि दुसरा आकडा आहे. कानाला नको असेल तर ‘टू द टू क्लार्क्स इन माय सेक्शन’ म्हणा. ‘कॉन्फिडंट दॅट’ला काही करायचं नाही, पुढे अख्खं वाक्य आहे. शेवटी ‘सूटेबल फॉर’.

खात्री कुठे करायची

साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे कामाचा नाही. तो ‘अफ्रेड’ म्हणजे ‘घाबरलेला’ सांगतो आणि थांबतो. लर्नर्स डिक्शनरी बघा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांच्याही इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत विशेषणाखाली ठळक अक्षरांत ‘अफ्रेड ऑफ समबडी किंवा समथिंग’, ‘अफ्रेड टू डू समथिंग’ अशी रचना दिलेली असते आणि लगेच उदाहरण. ही सोय मुळात परदेशी विद्यार्थ्यांसाठीच झाली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशांसाठी केलेले कोश आपल्या विद्यार्थ्यांना पुरत नाहीत हे बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नवा कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि ऑक्सफर्डचा आजचा कोश त्याच्याच वंशातला. जपानी विद्यार्थ्याची अडचण आपल्यासारखीच: त्याच्याही भाषेत अशी अव्ययं नामाच्या मागून येतात.

दोन रूपांपैकी कोणतं जास्त चालतं हे बघायला गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर वापरता येतं. स्वल्पविराम देऊन ‘डिफरंट फ्रॉम’ आणि ‘डिफरंट टू’ टाका, ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्रजी निवडा, छापील पुस्तकांतला आलेख दिसतो. मात्र नुसती दोन शब्दांची जोडी टाकून निष्कर्ष काढू नका. ‘हॅपी ऑन’ टाकलंत तर आलेख येईल, पण त्यात ‘हॅपी ऑन संडे’सारखी वाक्यं असतील. ‘हॅपी ऑन मी’, ‘हॅपी विथ मी’ अशी तीन शब्दांची जोडी द्या, मग चित्र खरं दिसतं.

वहीत टिपताना विशेषण आणि प्रिपोझिशन एवढीच जोडी टिपू नका. तुमच्या घरातल्या, कामातल्या माणसांचं अख्खं वाक्य लिहा: “माय मदर इज फाँड ऑफ जिलेबी.” शेजारी त्याचं मराठी लिहायचंच असेल तर ‘जिलेबीची आवड’ असं षष्ठी येईल तसं लिहा, म्हणजे चाचणीही सोबत राहते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी एवढं वेगळं ध्यानात ठेवावं: ‘चूक ओळखा’ प्रकारात ‘सीनियर दॅन’, ‘मोर सुपिरिअर’, ‘मॅरिड विथ’ हे ठरलेले पाहुणे असतात, आणि उत्तरं जुन्या व्याकरणाप्रमाणे धरलेली असतात. तिथे ‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’, ‘अँग्री’नंतर माणसाला ‘विथ’ आणि गोष्टीला ‘ॲट’ असं निवडा, ‘अबाउट’ पर्यायात नसेल तर बिचकू नका. एखाद्या मालिकेत पात्र “डिफरंट दॅन” म्हणालं होतं हा युक्तिवाद उत्तरपत्रिकेवर चालत नाही.